मोठ्या टर्बोसाठी इंजिन आतून बांधतोय – रॉड भारी घेतले तरी रिंग लँड तुटली, दुसऱ्यांदा काय वेगळं करायचं?

चौथागिअर

नमस्कार मंडळी, हा धागा बरेच दिवस डोक्यात होता, आज बसून लिहितोय. माझं इंजिन मित्सुबिशीचं ४जी६३, दोन लिटर, बोअर ८५ आणि स्ट्रोक ८८, ब्लॉक बिडाचा. दीड वर्षापूर्वी आतून सगळं नवीन घालून बांधलं, फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) रॉड म्हणजे पिस्टन क्रँकला जोडणारे दांडे, फोर्ज्ड पिस्टन, हेडचे स्टड, मोठा टर्बो, आणि चार महिन्यांत तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची वरची रिंग लँड (रिंगच्या खाचेलगतची पिस्टनची कड) तुटली.

झालं असं की चौथ्या गिअरला पूर्ण बूस्टवर (टर्बो आत ढकलतो तो हवेचा जादा दाब) गाडी खेचत होती आणि मधेच जोर थोडासा सुटल्यासारखा वाटला, आवाज वगैरे काही नाही, आरशात बघतो तर मागे निळा धूर. कॉम्प्रेशन बघितलं तर तीन सिलिंडर दीडशे पीएसआयच्या वर आणि तिसऱ्यात साठसुद्धा नाही. लीकडाउन लावलं (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती बघायची चाचणी) तर तेल भरायच्या तोंडातून हवा फुसफुसत होती, म्हणजे व्हॉल्व्ह ठीक आणि गळती रिंगांतून. इंजिन उतरवलं, पिस्टन काढला आणि वरची रिंग हातात घेतली तर बाकीची रिंग काळपट आणि दोन्ही टोकं मात्र पॉलिश केल्यासारखी चकचकीत! तिथेच कळलं काय झालं ते. रिंग तापून फुगली, तिच्या दोन टोकांमधला गॅप संपला, टोकाला टोक भिडलं, मग ती बोअरमध्ये आवळली गेली आणि पिस्टन वरच्या टोकाला पोचला तेव्हा रिंगने लँडचा तुकडाच उपटून काढला. गॅप ठेवला होता ०.२८ मिलिमीटर, मूळ इंजिनाच्या मापाने, कारण बांधणाऱ्याने आणि मीही कुणीच त्या दिवशी विचारलं नाही की बूस्ट किती चालवणार आहे.

आता मुद्द्यावर येतो. पहिल्यांदा मी पार्ट निवडले ते "सगळ्यात मजबूत कोणता" असं विचारून. या वेळी आधी भार कुठून येतो ते मांडून बघितलं आणि मला वाटतं सगळ्यांनी हेच आधी करावं.

भार दोन प्रकारचे. एक गॅसचा दाब, तो पिस्टनला खाली ढकलतो आणि रॉडला दाबतो. ८५ च्या बोअरचं क्षेत्रफळ पावणेसत्तावन्न चौरस सेंटिमीटर, आत १०० बार दाब झाला तर पिस्टनच्या डोक्यावर पावणेसहा टनाच्या आसपास बसतात. दुसरा भार आरपीएमचा. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि परत खाली ओढला जातो, हे ओढायचं काम रॉड करतो आणि रॉडची कॅप धरून ठेवायचं काम दोन बोल्ट करतात, त्यातही एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी वरून गॅसचा आधार नसतो त्यामुळे सगळा ताण बोल्टवर. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचं वरचं टोक मिळून ६५० ग्रॅम धरले तर माझ्या इंजिनात ७००० आरपीएमला दोन टन, ८००० ला २.६५ टन आणि ९००० ला ३.३५ टन ओढ येते. आरपीएमच्या वर्गाने वाढते ती, म्हणून वरचे हजार आरपीएम फार महाग पडतात.

थोडक्यात टॉर्कने रॉड वाकतो आणि आरपीएमने बोल्ट तुटतो. ५०० हॉर्सपॉवर तुम्ही ७५०० ला काढलीत तर टॉर्क साधारण ४७० न्यूटन मीटर, आणि तीच ५०० तुम्ही ५५०० ला काढलीत तर ६४०. आकडा तोच पण आतल्या लोखंडाला या दोन वेगळ्या गाड्या आहेत. त्यामुळे "५०० एचपीला कोणते रॉड" हा प्रश्नच अर्धवट आहे असं माझं ठाम मत झालंय.

तुमचे अनुभव लिहा, मी पण जसजसं बांधत जाईन तसं टाकत राहीन.


नवशिका

दादा धागा एकदम वेळेवर काढलात. माझंही दोन लिटरचं चार सिलिंडर आहे, अजून सगळं मूळचंच, टर्बो मोठा घेऊन ठेवलाय. रॉड बघायला गेलो तर एच बीम, आय बीम, ४३४०, ३००एम... डोकं गरगरतं. सगळे ४३४० लिहितात मग फरक कशात असतो? आणि पिस्टनमध्ये पण ४०३२ घ्यायचे की २६१८, गाडी रोज चालवायची पण आहे.


लेथकाका

चौथागिअर, आकडे मांडलेस ते बरं केलंस, बहुतेक पोरं माझ्याकडे खोका घेऊन येतात आणि म्हणतात काका हे बसवून द्या.

नवशिका, पिस्टनचं आधी सांगतो. ४०३२ आणि २६१८ दोन्ही फोर्ज्ड ॲल्युमिनियमच, फरक सिलिकॉनचा. ४०३२ मध्ये सिलिकॉन साधारण १२ टक्के, त्यामुळे तापल्यावर कमी फुगतो, बोअरमध्ये जवळ बसवता येतो, थंडीत आवाज करत नाही, झीज कमी. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळजवळ नाहीच, तो जास्त फुगतो म्हणून क्लिअरन्स मोठा ठेवावा लागतो आणि सकाळी थंड इंजिनाला खडखड ऐकू येते, गरम झालं की जाते. पण तो चिवट असतो. नॉकिंगचा (मिश्रण स्वतःहून अचानक पेटण्याचा) दणका बसला तर ४०३२ चा तुकडा निघतो, २६१८ वाकून निभावून नेतो, म्हणजे एखादा दणका, रोजचे नव्हे. मोठा बूस्ट चालवायचा तर मी २६१८ च म्हणेन, रोजची गाडी असली तरी. मध्यम बूस्ट आणि मॅप (इंधन, ठिणगी, बूस्टची कॉम्प्युटरमधली सेटिंग) नीट असेल तर ४०३२ उत्तम, उगाच कमी लेखू नये त्याला. आणि कारखान्यातून येणारे ओतीव पिस्टन, जास्त सिलिकॉनवाले, ते कडक असतात पण ठिसूळ, त्यांची लँड काचेसारखी जाते.

क्लिअरन्स मात्र पिस्टनबरोबर जो कागद येतो त्यावरचाच ठेवायचा, आणि पिस्टन कुठे मोजायचा तेही त्याच कागदावर असतं. स्कर्टवर ठरावीक उंचीला, पिनच्या काटकोनात. दुसरीकडे मोजलंत तर पिस्टन तिरका आणि निमुळता असल्यामुळे माप खोटं येतं. स्कर्टवर काळा कोट असेल तर त्याच्यावरून मोजायचं की तो वगळून हेही वाचून घ्या.

रॉडबद्दल. ४३४० हे स्टीलचं नाव झालं. त्याचं फोर्जिंग कसं, हीट ट्रीटमेंट कशी, आतलं मशीनिंग किती सरळ, बोल्ट कोणता, यात खरा फरक. माझ्या टेबलावर नवीन रॉड आला की मी बिग एंड (रॉडचं क्रँककडचं टोक) बोल्ट आवळून मोजतो, गोल आहे का बघतो, स्मॉल एंडचं (पिस्टनकडच्या टोकाचं) बुश मोजतो, आणि चारही रॉडचं वजन करतो, पूर्ण वजन वेगळं आणि दोन्ही टोकांचं वेगळं. स्वस्तातल्या सेटमध्ये बिग एंड लंबगोल निघालेले मी स्वतः बघितलेत, आणि महागातल्यातही एकदा निघालाय. म्हणून नाव बघून विश्वास नाही ठेवायचा, मोजायचं.


चौथागिअर

काका +१. एच बीम आय बीमवर (म्हणजे रॉडच्या दांड्याचा छेद एच की आय आकाराचा) माझं मत, दाब जास्त म्हणजे टॉर्क जास्त असेल तर चांगला जाड आय बीम वाकायला जास्त विरोध करतो, एच बीम त्याच ताकदीला बहुतेक वेळा हलका मिळतो आणि दोन लिटरला साडेचारशे-पाचशे एचपीपर्यंत नीट बनवलेला एच बीम पुरतो. मी एच बीमच ठेवलेत, पहिल्या वेळचेच. ते मोजून घेतले, सरळ आहेत.

अजून एक, पिस्टन घेताना लोक डोक्याचा आकार आणि कॉम्प्रेशन बघतात, मी आता वरच्या लँडची जाडी आणि गजन पिनची (पिस्टन रॉडला जोडणारी पोकळ पिन) भिंत बघतो. पिन हा विसरलेला पार्ट आहे. बूस्ट वाढला की पिन मधून लवते, लवली की पिस्टनच्या पिन बॉसला तडा जायला सुरुवात होते. पहिल्या सेटबरोबर आलेल्या पिना पातळ होत्या, या वेळी जाड भिंतीच्या घेतल्या, वजन थोडं वाढलं, चालेल. आणि पिनचे लॉक काढले की फेकायचे, परत वापरायचे नाहीत, सुटलेला लॉक बोअरला खालपासून वरपर्यंत नांगरतो.


मॅपवाली

लेख आवडला. मी मॅपिंग करते त्यामुळे माझ्याकडे इंजिन येतं ते बांधून झाल्यावर, आणि पार्ट कोणते आहेत यापेक्षा मला पहिले दोन प्रश्न असतात, रिंग गॅप किती आणि कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) किती. पाचपैकी दोन जणांना रिंग गॅप सांगता येत नाही.

चौथागिअर यांच्या आकड्यात एक भर घालते. तुम्ही १०० बार धरलेत तो सुरळीत जळणारा दाब आहे. नॉकिंग झालं की तो दाब काही मायक्रोसेकंदांत टोकदार होऊन कितीतरी वर जातो आणि हातोडा मारल्यासारखा बसतो, त्याला ना फोर्ज्ड पिस्टन पुरतो ना स्टड. मी उघडलेल्या नॉक झालेल्या इंजिनांत बहुतेक वेळा हेच दिसलं, पिस्टनच्या कडेला वाळूने घासल्यासारखे बारीक खड्डे, रॉड बेअरिंगच्या वरच्या शेलवर दाबल्याचे डाग, आणि शेवटी लँड. त्यामुळे तुटलेली लँड बघून लगेच रिंग गॅप म्हणू नका, टोकं चकचकीत असतील तर गॅप, पिस्टनच्या कडेला खड्डे असतील तर नॉक. तुमच्याकडे टोकं चकचकीत होती म्हणजे निदान बरोबर.

दुसरं, टॉर्क कुठे येतो हे मी मॅपमध्ये ठरवू शकते आणि ते फुकट मिळणारं संरक्षण आहे. टर्बो ३५०० ला पूर्ण बूस्ट देऊ शकतो म्हणून तो तिथे घ्यायलाच हवा असं नाही. कमी आरपीएमला पिस्टन हळू खाली जातो, दाब जास्त वेळ टिकतो, मिश्रणाला स्वतःहून पेटायला वेळ मिळतो. मी बूस्ट ४५००-५००० पर्यंत हळूहळू चढवते आणि वर धरून ठेवते. डायरेक्ट इंजेक्शनची इंजिनं असतील तर कमी आरपीएमला जड लोड देणं अजून धोक्याचं, तिथे ठिणगीच्या आधीच पेटण्याचा प्रकार होतो आणि एकाच दणक्यात पिस्टन जातो. तेलातल्या कॅल्शियमवाल्या डिटर्जंटचा त्यात हात असतो हे कळल्यावर तेलाचे स्टँडर्डच बदलले, २०१८ ला एपीआय एसएन प्लस आलं आणि २०२० ला एसपी. डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांनी डब्यावर एसपी किंवा त्यानंतरचं स्टँडर्ड बघूनच तेल घ्या.


नवशिका

ताई माझं कॉम्प्रेशन मूळचं ८.८ आहे, पिस्टन बदलताना ८ करावं का? सगळे म्हणतात टर्बोला कॉम्प्रेशन कमी पाहिजे.


मॅपवाली

नको. ते जुन्या काळचं उत्तर आहे, तेव्हा इंधन आणि इग्निशनवर आजच्याइतका ताबा नव्हता. ८ ला गाडी बूस्ट येईपर्यंत मेल्यासारखी चालते. साध्या पेट्रोलवर ८.५ ते ९ आणि ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन) मिळत असेल तर ९.५ ते १० सुद्धा मी आनंदाने मॅप करते, कारण इथेनॉल बाष्प होताना खूप उष्णता शोषून घेतं आणि नॉकिंग लांब जातं. फक्त इंजेक्टर आणि पंप त्या हिशोबाने मोठे लागतात, पेट्रोलपेक्षा तीसएक टक्के जास्त इंधन जातं.

आणि पिस्टन खाली ठेवून कॉम्प्रेशन कमी करू नका. हेड आणि पिस्टनमधली कडेची फट साधारण एक मिलिमीटर राहिली की मिश्रण नीट ढवळलं जातं. फट दोन-अडीच केलीत तर कॉम्प्रेशन कमी होऊनही नॉक वाढलेलं मी बघितलंय. कमी करायचंच तर पिस्टनच्या मधल्या खळग्यात करा.


सहासिलिंडर

माझ्याकडे आधी निसानचं आरबी२६ होतं आणि आता टोयोटाचं २जेझेड, दोन्ही स्वतः बांधली म्हणून लिहितोय. २जेझेडचा ब्लॉक ८६ बाय ८६, बिडाचा, वरून बंद डेक (ब्लॉकचा हेड बसतो तो वरचा पृष्ठभाग), सात मेन बेअरिंग, क्रँक मूळचा फोर्ज्ड. तिथे मी क्रँक बदलला नाही आणि बदलायची गरज पण नाही वाटली. लोक मूळ चांगला क्रँक काढून बिलेट (अखंड धातूतून कोरलेला) टाकतात आणि मग तेलाच्या पंपाला पैसे उरत नाहीत.

आरबी२६ ने मला हेच शिकवलं. सुरुवातीच्या क्रँकच्या नाकावर तेलाचा पंप फिरवणारी जी पट्टी असते ती अरुंद होती, आणि पंपाची गिअर पावडर दाबून बनवलेली. आरपीएमच्या लिमिटरवर गाडी धडधडली की ती गिअर फुटते, दाब शून्य, आणि सगळे बेअरिंग एकदम जातात. माझी तशीच गेली. रॉड एक नंबर, पिस्टन एक नंबर, आणि इंजिन गेलं तळहाताएवढ्या गिअरपायी. मग रुंद कॉलर, बिलेट गिअर, आणि पुढे चांगला डँपर (क्रँकची थरथर शोषणारी पुली) लावला कारण लांब क्रँक पिळवटतो आणि ती थरथर पंपालाच जाऊन लागते. डँपरचं रबर जुनं होऊन सुटलेलं असेल तर तो फेकून द्या, हलकी ॲल्युमिनियमची पुली तर सहा सिलिंडरला कधीच लावू नका.

म्हणजे माझा क्रम असा आहे बघा, आधी तेल, मग रिंगा आणि पिस्टन, मग रॉड, मग स्टड, आणि क्रँक सगळ्यात शेवटी.


ओपनडेक

सहासिलिंडर तुमचं नशीब बिडाचा ब्लॉक आहे. आमच्याकडे ॲल्युमिनियमचा ब्लॉक, वरून उघडा डेक, म्हणजे सिलिंडर वरच्या बाजूला पाण्यात उभे, चारी बाजूंनी आधार नाही. बूस्ट वाढवला की सिलिंडरच हलतो, गॅस्केट घासलं जातं आणि हळूहळू पाणी ढकलायला लागतं. मी दोन गॅस्केट बदलली, स्टड बदलले, परत तेच, शेवटी कळलं की दोष गॅस्केटचा नव्हताच. मग डक्टाइल आयर्नचे स्लीव्ह घातले, वरून एकमेकांना टेकणारे, तेव्हा थांबलं. पण स्लीव्ह घालणं हे चांगल्या मशीनशॉपचंच काम आहे, स्लीव्ह एक शतांश जरी खाली बसला तरी परत तेच रडगाणं. घातल्यावर डेक परत फेस करून घ्यायचाच.

आणि डेकचा फिनिश! अनेक थरांचं स्टीलचं गॅस्केट गुळगुळीत पृष्ठभाग मागतं. जुन्या गॅस्केटच्या सवयीने खरखरीत ठेवलं तर बसतच नाही.


लेथकाका

ओपनडेक बरोबर बोलतोय. त्यात दोन गोष्टी घालतो.

होनिंग (बोअर आतून दगडाने घासून मापाला आणणं) करताना टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची प्लेट) लावलीच पाहिजे. हेड आवळलं की सिलिंडरचा वरचा भाग वाकडा होतो, तुम्ही मोकळ्या ब्लॉकला गोल होन केलंत तर आवळल्यावर तो गोल राहत नाही. जाड प्लेट, तेच स्टड, तोच टॉर्क, तेच गॅस्केट, आणि मग होन. विश्वास बसत नसेल तर बोअर गेज घालून प्लेट लावायच्या आधी आणि नंतर बघा, डोळ्यांसमोर काटा हलतो.

मेनचे (क्रँक धरणाऱ्या कॅपचे) स्टड बदललेत तर मेन बोअरही परत मोजायचे. मूळ बोल्टपेक्षा स्टडचा आवळ वेगळा, त्यामुळे कॅप वेगळी दबते, बोअर लंबगोल होतो, बऱ्याचदा लाइन होन (सगळे मेन बोअर एका रेषेत घासणं) करावंच लागतं. रॉडचे बोल्ट बदललेत तर बिग एंडचंही तेच. नुसते बोल्ट बदलून इंजिन मजबूत झालं असं समजणारे लोक बेअरिंग खाऊन परत येतात माझ्याकडे.

बेअरिंग क्लिअरन्स, जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) व्यासाच्या हजाराव्या भागाइतका, ही जुनी मोजणी अजून चालते, म्हणजे ५० च्या जर्नलला ०.०५ मिलिमीटर. जास्त ताकदीला किंचित वर, आणि त्या हिशोबाने तेल थोडं जाड. पण प्लास्टिगेजवर (दाबून फट दाखवणारी प्लास्टिकची दोरी) थांबू नका, मायक्रोमीटर आणि बोअर गेज वापरा.


नवशिका

काका बोल्टचं विचारायचं राहिलं. रॉडबरोबर दोन पर्याय देतायत, एआरपी २००० आणि एल१९. एल१९ जास्त ताकदीचा म्हणतात मग तोच घेऊ का?


चौथागिअर

मी सांगतो, यावर बरंच वाचलंय आणि हात पोळलेत. ही बोल्टच्या धातूंची नावं, ८७४० हा साधा, त्याच्यावर एआरपी २०००, तो साधारण २ लाख २० हजार पीएसआय ताणाचा, आणि एल१९ २ लाख ६० हजारचा. कागदावर एल१९ जिंकतो. पण तो ओलाव्याला फार नाजूक, हाताच्या घामाने किंवा दमट हवेने त्याला बारीक गंज धरला तरी आतून तडा जातो आणि बोल्ट काही पूर्वसूचना न देता तुटतो. कोरड्या ठेवलेल्या, वरचेवर उघडल्या जाणाऱ्या रेसच्या इंजिनाला ठीक. वर्षानुवर्षं चालवायच्या गाडीला एआरपी २०००, आणि तो पुरत नसेल तर कस्टम एज ६२५ प्लस, ताकद एल१९ एवढी आणि गंजत नाही. तुला ८००० च्या आत राहायचंय ना, एआरपी २००० पुरे.

बोल्ट आवळताना टॉर्क पान्यावर विसंबू नकोस. टॉर्कचा बराचसा भाग घर्षणात जातो, आट्यांना इंजिन ऑइल लावलं, दुसरं काही लावलं, की पाना तोच आकडा दाखवतो आणि बोल्ट वेगळा ताणला जातो. बोल्टबरोबर आलेलं वंगणच लावायचं आणि स्ट्रेच गेजने मोजायचं. मी प्रत्येक बोल्टची मोकळी लांबी वहीत लिहून ठेवली, मग आवळून किती लांबला ते बघितलं. आठपैकी सात बोल्ट सांगितलेल्या मापात आले, आठवा टॉर्कचा आकडा गाठूनही कमी ताणला गेला होता. काढला, आटे पुसले, परत वंगण लावलं, परत आवळला, मग आला. नुसत्या पान्यावर असतो तर तो तसाच आत गेला असता. ती वही ठेवून दिलीय, पुढे कधी उघडलं की मोकळी लांबी परत मोजायची, वाढलेली दिसली तर बोल्ट गेला, टाकून द्यायचा.


सहासिलिंडर

वहीची कल्पना मस्त, मी पण करणार.

हेडकडे पण बघा रे. व्हॉल्व्ह स्प्रिंगचं कुणीच बोललं नाही. बूस्ट इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर दाबतो. ३४ मिलिमीटरचा व्हॉल्व्ह आणि २ बार बूस्ट म्हणजे साडेअठरा किलो, तेवढा स्प्रिंगचा सीटवरचा दाब वजा झाला समजा. मूळ स्प्रिंग असतील तर व्हॉल्व्ह सीटवर टणटण उडतो, वरच्या आरपीएमला ताकद ढासळते आणि माणूस टर्बोला दोष देत बसतो. एक्झॉस्टला इन्कोनेलचे व्हॉल्व्ह घ्या, तिथली उष्णता साध्या स्टीलला झेपत नाही फार काळ.


नवशिका

सगळ्यांचे खूप आभार, दोनदा वाचला सगळा धागा. एक प्रामाणिक प्रश्न, माझ्याकडे सगळं एकदम करायला पैसे नाहीत. आत्ता रॉड आणि पुढच्या वर्षी पिस्टन असं केलं तर?


चौथागिअर

असं करू नकोस. इंजिन उतरवणं, उघडणं, होनिंग, गॅस्केट, बेअरिंग, हा खर्च प्रत्येक वेळी तोच. एकदा उघडलंस की रॉड, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, तेलाचा पंप आणि हेडचे स्टड एकत्रच कर. ते होत नसेल तर मूळ इंजिनावर बूस्ट कमी ठेव, ताईंनी सांगितलं तसं खाली टॉर्क कापून चालव आणि पैसे साठव. मोठा टर्बो कमी बूस्टवर चालवायला काही हरकत नाही. क्रँक तुझा फोर्ज्ड असेल तर त्याला तडा नाही ना ते तपासून पॉलिश करून घे, बॅलन्स करून घे, बदलू नकोस. स्ट्रोकर क्रँकच्या नादाला तर आत्ता अजिबात लागू नकोस. माझ्या ब्लॉकमध्ये ८८ च्या जागी १०० चा स्ट्रोक बसतो, टॉर्क लवकर येतो हे खरं, पण ८००० ला पिस्टनचा सरासरी वेग साडेतेवीस मीटर प्रति सेकंदावरून पावणेसत्तावीसच्या जवळ जातो. मी त्याऐवजी स्ट्रोक तोच ठेवून इंजिन फिरवणं पसंत केलं.


लेथकाका

हे पटलं. आणि नवशिका, बॅलन्सला देताना सगळं दे, क्रँक, डँपर, फ्लायव्हील, क्लचची प्लेट. अर्धं सामान देऊन बॅलन्स होत नाही.

चौथागिअर, या वेळी गॅप किती ठेवतोयस ते लिहिलंच नाहीस की.


चौथागिअर

काका काल रात्रीच बसलो होतो त्यासाठी. पिस्टनच्या कागदावर माझ्या बूस्टला बोअरच्या ०.००५५ पट दिलंय, म्हणजे ०.४७ मिलिमीटर. मी वरच्या रिंगला ०.४८ धरला आणि दुसऱ्या रिंगला ०.५३, दुसरीचा मोठा म्हणजे दोघींच्या मधे दाब अडकून वरची फडफडणार नाही.

एकेक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घातली, पिस्टन उलटा करून तिला इंचभर खाली सरळ ढकललं, फिलर गेजने बघितलं, काढली, फाइलवर बाहेरून आतल्या बाजूला चार फेरे, परत घातली, परत बघितलं. फाइल नेहमी बाहेरून आत, उलटी केली की रिंगच्या तोंडावरचा कोट उडतो. कापून झाल्यावर कडेची बारीक धार ऑइल स्टोनने मोडली. ०.४८ ची पट्टी हलकी अडत जाते आणि ०.५० ची जात नाही, असं झालं की थांबायचं. आठ रिंगांना तीन तास लागले. प्रत्येक रिंग कुठल्या सिलिंडरची ते लिहून वेगवेगळ्या पिशवीत ठेवल्यात.

तिसऱ्या सिलिंडरची वरची रिंग कापून झाल्यावर तुटलेल्या पिस्टनमधली जुनी रिंग त्याच बोअरमध्ये घालून बघितली, तिची चकचकीत टोकं आणि मधली ती एवढीशी फट. मग नवी घातली. नुसत्या डोळ्यांना सुद्धा फरक दिसतो, दोनाचा आकडा आणि चाराचा आकडा एवढाच आहे तो खरं तर.


मॅपवाली

०.४८ ठीक आहे. सुरुवातीला थोडा ब्लोबाय (रिंगांतून खाली गळणारा गॅस) जास्त दिसेल, घाबरू नका, कॅच कॅन (त्यातलं तेल अडवणारा डबा) लावा. पहिल्या तासाभरात इंजिनाला मध्यम लोड द्या आणि मोकळं सोडा, परत लोड द्या, रिंगा त्यानेच बसतात, नुसतं आयडलवर तापवत ठेवू नका. मग तेल आणि फिल्टर बदला, फिल्टर कापून आत काय चमकतंय ते बघा आणि मगच माझ्यासारख्या कुणाकडे या. आणि गॅपचा आकडा वहीत लिहिलेला असेलच, तो सोबत आणा.


चौथागिअर

आणतो ताई. रविवारी ब्लॉक काकांसारख्याच एका जाणत्या माणसाकडून टॉर्क प्लेटवर होन होऊन येतोय, आला की बोअर परत मोजतो, गॅप परत एकदा बघतो आणि मापं इथेच टाकतो.